रोहिणीत बी, चैत्रात चटणी: परसातली जवारी मिरची

आमच्याकडं वर्षाची चटणी पाडवा झाला आणि ऊन कडक झालं की होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग धने, तीळ, खोबरं, खसखस, खडा मसाला भाजून, कांदा तळून, लसूण-आलं-कोथिंबीर घालून सगळं डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, कांडून आणायचं. कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत हेच चालतं, प्रमाण तेवढं घराघरांत वेगळं. ब्याडगी मिळायला अडचण नसते. हावेरी जिल्ह्यातून ती भरपूर येते, तिच्या दोन प्रकारांपैकी डब्बी हवी की कड्डी एवढंच ठरवायचं. संकेश्वरी मात्र दरवर्षी शोधावी लागते. गडहिंग्लज, निपाणी भागात तिलाच जवारी म्हणतात. रोगाला लवकर बळी पडते, संकरित वाणांइतकं उत्पन्न देत नाही, म्हणून ती लावणारे शेतकरी कमी झाले. जी बाजारात येते तिचा भाव ब्याडगीच्या कितीतरी वर असतो, आणि जवारी म्हणून समोर ओतलेल्या ढिगात खरी किती ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. खरी जवारी लांब, बारीक, सालीवर बारीक सुरकुत्या असलेली, लालपेक्षा थोडी नारिंगीकडं झुकणारी. तिला जो वास असतो तो दुसऱ्या कुठल्याच मिरचीला नाही.

त्या वासासाठीच मी ती घरी लावायचं ठरवलं. फुलेवाडीत घरामागं आमची थोडी मोकळी जागा आहे, वर गच्ची आहे. ब्याडगी विकतच आणायची, पण चटणीतली तिखटाची बाजू तरी घरची असावी, एवढीच इच्छा. काही हंगाम हे करून झाल्यावर आता सांगण्यासारखं बरंच साठलं आहे.

कोल्हापुरात गारठा बेताचा, ऊन मुबलक, त्यामुळं मिरची कधीही लावली तरी येते असा आपल्याकडं समज आहे. झाड येतंच. फळ धरेल याची मात्र खात्री नसते. मिरचीच्या फुलाला दिवसाचं तापमान वीस ते तीस अंशांच्या आसपास मानवतं. पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही हवा निवली नाही की फूल उमलतं आणि देठासकट गळून पडतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये नेमकं हेच होतं. पुढं जून ते सप्टेंबर पाऊस. सतत ओल, ढगाळ हवा, मुळाशी साचलेलं पाणी; या दिवसांत फूल टिकलं तरी फळ कुजायची भीती. म्हणजे फळ धरायला आणि लाल व्हायला आपल्याला ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच चांगला काळ मिळतो. तिथून मागं मोजत यायचं आणि त्या हिशोबानं बी टाकायचं. मिरचीच्या बाबतीत खत, औषध, जात या सगळ्याच्या आधी मी वेळ धरते.

हे मोजून द्यायला मला कुणी तज्ज्ञ लागला नाही. माझे एक मामा गडहिंग्लजजवळ शेती करतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "रोहिणीत बी टाक आणि तरण्या पावसात रोप लाव. अध्येमध्ये काय करत बसू नको." रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. पुनर्वसू, म्हणजे आपला तरणा पाऊस, ५ जुलैच्या सुमारास. मध्ये जवळजवळ सहा आठवडे. मिरचीचं रोप ४० ते ४५ दिवसांचं झालं की लावावं, अशी शेतकी पुस्तकांतली शिफारस असते. मामांनी पुस्तक उघडलेलं नाही, पण हिशोब दिवसाच्या फरकानं जुळतो.

बियांचंही त्यांनीच सांगितलं. "विकतचं बी कशाला घेतीस पोरी? वर्सभराच्या मिरचीतली चांगली लांब बघून बाजूला काढायची, तेच बी." जवारी हा सरळ वाण आहे, म्हणून हे चालतं. संकरित मिरचीचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं निरनिराळी निघतात, एक लांब, एक बुटकं. मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, तरी मधमाश्या शेजारच्या जातीचा पराग आणतातच. म्हणून ज्या झाडाचं बी धरायचं त्याच्या चार फुलांवर मी पातळ मलमलीची छोटी पिशवी बांधते आणि फळ धरलं की काढते. मामांनी दिलेल्या मिरच्या अख्ख्या, देठासकट, कापडात बांधलेल्या होत्या. पेरायच्या दिवशी फोडायच्या असं बजावून. फोडली की चपटं, फिकट पिवळं बी निघतं. काळपट किंवा चिमटलेलं बी मी बाजूला टाकते.

त्याच सुमाराला भावाचा मुलगा गुवाहाटीला नोकरीला होता, त्यानं भूत जोलोकियाचं बी आणून दिलं. २००७ साली गिनीज बुकानं जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवलेली ती हीच. पुढं तिचा मान गेला, २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आणि २०२३ मध्ये पेपर एक्स तिच्या पुढं गेल्या. पण दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वरचं तिखट आपल्या घराला पुरून उरतं. तिची चार रोपं करायची ठरली. शिवाय रोजच्या हिरव्या मिरचीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेल्या फुले ज्योतीची थोडी.

रोपं मी ट्रेमध्येच करते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळायचं, अर्धा सेंटिमीटर खोल एकेक बी टाकायचं आणि वर ओला वर्तमानपत्राचा कागद. जवारीचं बी आठवड्या-दहा दिवसांत वर येतं. पहिला हिरवा आकडा दिसला की कागद लगेच काढायचा, नाहीतर रोपं उंच आणि पांढरी वाढतात. भूत जोलोकिया वेगळ्या जातकुळीची आहे, तिला उगवायला दोन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस ट्रे ओलसर ठेवायचा, पण चिखल होऊ द्यायचा नाही, हे तिच्या बाबतीत सगळ्यांत कसोटीचं काम.

मे अखेरीला वळवाची भीती असते. आपल्याकडचा वळीव म्हणजे वारं, विजा, कधी गारा, आणि थेंब असे की कोवळं रोप जमिनीत गाडलं जावं. ट्रे म्हणून ओसरीच्या कडेला, सकाळचं ऊन लागेल पण पाऊस लागणार नाही असे ठेवायचे. पाणी सकाळीच द्यायचं आणि झारीनं. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर ओल राहते आणि रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात. ट्रेच्या एका कोपऱ्यात ही मर लागली की तो कोपरा लगेच बाजूला काढते, वाट बघत नाही.

जमिनीचं सांगायचं तर आमच्या भागात माती काळी, भारी. उसाला सोन्यासारखी, पण मिरचीला पावसाळ्यात जड जाते. पाणी धरून ठेवते, फुगते, आणि मुळांना हवा मिळत नाही. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती मी दोन गाड्या आणून टाकली, चांगलं कुजलेलं शेणखत घातलं आणि सपाट वाफा न करता फूटभर उंच वरंबे ओढले. कोल्हापुरात म्हशींची कमी नाही, गोठ्यातलं शेणखत सहज मिळतं, पण ते वर्षभर कुजलेलं हवं. ताजं घातलं तर मुळं खाणारी हुमणी आणि बुरशी दोन्ही घरात येतात. गच्चीवरच्या १५ बाय १५ इंचाच्या पिशव्यांत तांबडी माती दोन भाग, शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि ओंजळभर निंबोळी पेंड. पिशव्या विटांवर ठेवायच्या, म्हणजे खालची भोकं मोकळी राहतात.

लावण ढगाळ दिवशी, दुपार उतरल्यावर. दोन रोपांत दोन फूट अंतर. हे अंतर बघताना फार वाटतं, रोपं केविलवाणी दिसतात, आणि मधे अजून एक लावावं असा मोह होतो. लावायचं नाही. ऑक्टोबरमध्ये झाडं एकमेकांना भिडतात आणि तेव्हा वारं खेळायला तेवढी जागाच कमी पडते. परसाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मी मक्याच्या दोन ओळी टोकते, मिरची लावायच्या थोडं आधी. पांढरी माशी उडत येते ती मक्यावर अडते. आणि कणसं मिळतात ते वेगळंच.

मग तरण्या आणि त्याच्या पुढच्या म्हाताऱ्या पावसाचे दिवस येतात. कोल्हापुरात सगळ्यांचे कान पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं लागलेले असतात, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४३ फुटांच्या धोक्याकडं चाललं का. मी त्याच दिवसांत कुदळ घेऊन परसात असते. वरंब्यांमधल्या सरीत पाणी थांबलं की दार फोडून बाहेर काढायचं. पावसात पानं पिवळी पडली की लोक खत घालतात. बहुतेक वेळा खताची गरज नसते, मुळं गुदमरलेली असतात. पाणी निघालं, थोडी उघडीप मिळाली, की आठवड्यात नवा कोंभ हिरवा येतो. उघडीप मिळाल्यावरच मी भर लावते, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती ओढून घेते, आणि मधल्या जागेत उसाचं पाचट पसरते. ते शेजारच्या शेतातून मिळतं. गाळप संपल्यावर पाचट जाळून टाकणारे अजूनही आहेत, मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मिरचीच्या बुडाशी त्याच्याइतकं उपयोगी आच्छादन मी पाहिलेलं नाही. पावसाचे थेंब मातीवर आदळून चिखल पानांवर उडत नाही, त्यामुळं खालची पानं स्वच्छ राहतात, आणि पुढं थंडीत ओल टिकते.

खताला जीवामृत. वीस लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, रोज दोनदा ढवळायचं, तीन-चार दिवसांनी झाडाच्या बुडाशी द्यायचं. गूळ त्यासाठी पिवळाधमक नको, काळा, रसायन न घातलेला घ्यायचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि गुऱ्हाळावर गेलं तर असा काळा गूळ मागून मिळतो. युरिया मी अजिबात घालत नाही. त्यानं झाड गडद हिरवं आणि घोसदार होतं, बघणारा खूश होतो, पण फूल लांबतं आणि ती कोवळी लुसलुशीत पानं किडीला आमंत्रण देतात.

किडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरच्या मिरच्या इथंच संपतात. शेंड्याची पानं गोळा व्हायला लागली की आपल्याकडं चुरडा-मुरडा आला म्हणतात, आणि दुकानात जाऊन जे देतील ते औषध आणून मारतात. पण पान कुठल्या बाजूला वळलं आहे ते आधी बघायला हवं. कडा वर वळून पान नावेसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, पान लांबट आणि मागून तपकिरी चकाकी आली असेल तर कोळी. आणि पान आखडून पिवळट, बारीक, झाडच बुटकं राहिलं तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. तिन्हींचे उपाय वेगळे.

मी दर चार-आठ दिवसांनी सकाळी एक पांढरा कागद घेऊन जाते. शेंडा कागदावर धरायचा आणि बोटानं दोन-तीनदा टिचकी मारायची. कागदावर परागाचे कण पडतात, धूळ पडते, आणि त्यात काही पिवळसर, तिळाच्या चौथाईएवढ्या बारीक रेघा. क्षणभर त्या स्थिर असतात, मग त्यातली एक सरकायला लागते. ते फुलकिडे. एका शेंड्यावर एक-दोन दिसले तर मी काही करत नाही, कारण कीड खाणारे वेगळे कोळी आणि ढेकूण जातीचे मित्रकीटकही त्यांच्यावर जगतात. दहा-बारा दिसायला लागले की निंबोळी अर्क. पाच टक्क्यांचा अर्क करायला लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी कापडातून पिळून गाळायची, थोडा साबणाचा चुरा घालायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. वरून फवारून काही उपयोग नाही, किडी खाली बसतात. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. विषाणूचं झाड मात्र मी उपटते, कितीही मोठं झालेलं असलं तरी. ते बरं होत नाही, आणि ठेवलं तर आजूबाजूची चार घेऊन जातं. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात बाहेरून आलेल्या नव्या जातीच्या फुलकिड्यांनी मिरचीची शेतंच्या शेतं उद्ध्वस्त केली होती. रासायनिक फवारे एकापाठोपाठ एक मारल्यानं मित्रकीटक मरतात आणि अशा किडींना मोकळं रान मिळतं, हे तेव्हापासून मी जास्त गंभीरपणे घेते.

गणपती जाईपर्यंत झाडाला फुलं लागतात. पांढरी, खाली मान घातलेली, आतले पुंकेसर निळसर जांभळे. पाऊस कमी झाला की सकाळी झाडांना हलकंसं हलवत जायचं, परागीकरणाला मदत होते. गच्चीवर वारा कमी लागणाऱ्या कोपऱ्यात याचा फरक स्पष्ट दिसतो.

फळ धरेपर्यंत पाण्यात खंड पडू द्यायचा नाही, नाहीतर फुलं झडतात. पण फळं पूर्ण वाढून रंग बदलायला लागली की पाणी कमी करायचं. मामा म्हणाले होते, "घड्याळ बघून पाणी घालू नको. दुपारच्याला पान मान टाकतंय आणि तिन्हीसांजेला परत उठतंय, तवर त्याला काय बी होत न्हाई. सकाळच्याला पण मान टाकलेली दिसली की मग घाल." झाडाला असा थोडा ताण बसला की फळात तिखटपणा वाढतो. त्याच जवारीचं गच्चीवरचं फळ, रोज पाणी मिळणारं, आणि परसातलं, ताण दिलेलं, दोन्ही खर्ड्यात घालून बघितली आहेत. फरक जिभेला लगेच कळतो.

हिरव्या मिरच्या नवरात्रात सुरू होतात. जवारीचा हिरवा खर्डा, शेंगदाणे, लसूण, मीठ, तव्यावरच रगडलेला, आणि ज्वारीची भाकरी. आमच्या घरी त्या दिवसांत भाजी नसली तरी कुणी विचारत नाही. पण मी हात आवरता घेते, कारण मला लाल हवी असते. जवारीच्या फांदीवर फळ देठाकडून आधी तपकिरी, मग नारिंगी, मग लाल होत जातं. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तोडणी चालते. पूर्ण लाल झालेली, देठासकट, दव सुकल्यावर तोडायची. ओली तोडली तर वाळताना आत बुरशी धरते.

या काळात बुलबुल येतात. कुंपणालगत एक लवंगीसारखं बारीक मिरचीचं झाड आपोआप आलं आहे, त्याची उभी लाल फळं बुलबुल अख्खी गिळतात. पक्ष्यांना तिखट लागत नाही. आपल्या जिभेवर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, ज्या संवेदकाला चेतवतं, त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांमधला तो संवेदक कॅप्सेसिनला दाद देत नाही. बी त्यांच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, तारेखाली, कुंपणाखाली रुजतं. ते झाड मी पक्ष्यांसाठीच ठेवलं आहे. जवारीवर मात्र पिकायच्या दिवसांत जाळी टाकते.

वाळवण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. लाल मिरची पहिले दोन दिवस सावलीत, पसरून, देठ मऊ होईपर्यंत. मग गच्चीवर ताडपत्री नको, स्वच्छ सुती धोतरावर. दुपारच्या कडक उन्हात वरून पातळ कापड टाकायचं, कारण सलग तळपत्या उन्हात मिरचीचा रंग उडतो आणि ती पांढरट पडते. रात्री गोळा करून झाकायची, दव लागलं तर काळे डाग येतात, आणि बुरशी आलेली मिरची कांडायला घेणं अपायकारक असतं. डाग दिसला की ती मिरची मी फेकते, कितीही जीव तुटला तरी. चार किलो ओल्या मिरचीची साधारण एक किलो सुकी होते. हातात घेऊन हलवली की बी खुळखुळतं आणि दुमडली की कडकन मोडते, तेव्हा डब्यात भरायची.

भूत जोलोकिया या सगळ्यात वेगळी वागते. पावसाळी दमट हवा तिला मानवते, आसामातून आलेली ती, आणि गच्चीवर थोड्या सावलीत ती जवारीपेक्षा बहरते. फळ खडबडीत, टोकाकडं निमुळतं, लाल झालं की नारिंगी-लाल झळाळतं. एक उभं चिरून बघण्यासारखं असतं. आपण म्हणतो बी तिखट, पण तिखट बियात तयार होत नाही. आत जो पांढरा मऊ पडदा असतो, ज्याला बी चिकटलेलं असतं, त्यात ते तयार होतं. भूत जोलोकियात तो पडदा आणि आतली साल दोन्हींवर पिवळसर तेलकट टिपके चमकताना डोळ्यांनी दिसतात. हातमोज्यांशिवाय तिला हात लावू नका. लागलंच तर आधी पाण्यानं धुवायचं नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नुसतं पसरतं. गोडं तेल चोळायचं आणि मग साबण. तोंडात आग पडली तर दूध किंवा दही. तिची एकच फोड लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला पुरते. चटणीत मी ती घालत नाही. तिचा वास फळासारखा गोडसर आहे, चांगला आहे, पण तो आपल्या कांदा-लसणाच्या चटणीचा नाही.

चैत्रात देठ काढायला घरातले सगळे बसतात. सासूबाई मिरची हातात घेऊन आधी वास घेतात, मग मोडून आत बघतात. पहिल्या घरच्या जवारीला त्या म्हणाल्या, "ही खरी हाय. डंकावर दुसऱ्याच्यात मिसळू देऊ नका." म्हणून आम्ही सकाळी लवकर, डंक रिकामा असताना नेतो आणि समोर उभं राहून कांडून घेतो. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, तरी तिथून कुणी हलत नाही. त्या चटणीचा तांबडा रस्सा केला तेव्हा तर्री पातेल्यावर लगेच वर आली. रंग आणि तिखट दोन्ही तेलातच विरघळतात, म्हणून ती लाल तर्री सगळा जोर घेऊन वर तरंगते. रंग ब्याडगीचा होता, पण घशातून उतरताना जी धग हळूहळू चढली आणि बराच वेळ टिकली, ती आमच्या परसातल्या जवारीची.

आता झाडांचं. मिरची एका हंगामात मरत नाही, बरीच वर्षं जगते. फेब्रुवारीत शेवटची तोडणी झाली की निरोगी झाडं गुडघाभर उंचीवर छाटून, बुडाशी शेणखत घालून उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जेमतेम पाण्यावर ठेवता येतात. पाऊस पडला की ती फुटतात आणि नव्या रोपांच्या आधी, श्रावणातच फुलतात. पण या खोडव्यावर विषाणू आणि कोळी नव्या झाडांच्या आधी घर करतात आणि तिथून नव्या लावणीवर जातात. त्यामुळं जवारीचा खोडवा मी ठेवत नाही, सगळी झाडं उपटून कंपोस्टात टाकते आणि वरंब्यावर मार्चमध्ये चवळी पेरते. फुले ज्योतीची दोन-तीन झाडं तेवढी ठेवते, गच्चीवर, जवारीपासून लांब, उन्हाळ्यात घरात हिरवी मिरची हवी म्हणून. पिशवी बांधलेल्या फळांचं बी देठासकट कापडात बांधून कपाटात गेलं आहे. या वर्षी दोन शेजारणींनी रोपं मागितली आहेत, त्यामुळं रोहिणीत एक ट्रे जास्तीचा भरायचा आहे.